गुड कोलेस्टेरॉल कमी आलंय, आता काय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे नेहमीचे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरवर लोक औषधाच्या चिठ्ठीबरोबर लॅबचा रिपोर्टपण पुढं सरकवतात आणि विचारतात, हे बघा की जरा. त्यातले परत परत येणारे प्रश्न इथं लिहून ठेवलेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे, तेव्हा गोळी चालू करणं किंवा बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

रिपोर्टात एचडीएल, म्हणजे गुड कोलेस्टेरॉल, ३४ आलंय आणि ते ठळक अक्षरात छापलंय. म्हणजे अटॅक येणार काय?

एकट्या त्या आकड्यावरनं कुणीच तसं सांगू शकत नाही. पुरुषांना ४० च्या खाली आणि बायकांना ५० च्या खाली एचडीएल असलं की कॉम्प्युटर आपोआप ठळक छापतो, एवढाच त्या ठळकपणाचा अर्थ. हे आकडे मिलिग्रॅम पर डेसीलिटरमधले. ६० च्या वर असलं की चांगलं असं पूर्वी सरसकट सांगायचे, आता तेवढं सरसकट सांगत नाहीत, ते खाली येईलच. ३४ ला घाबरू नका, पण रिपोर्ट घडी घालून कपाटात पण टाकू नका, कारण त्या ३४ च्या शेजारी ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार) किती आहे, शुगर किती आहे आणि पँटचा पट्टा कितव्या भोकात लागतोय, हे सगळं मिळून चित्र तयार होतं.

मी एकटाच असा आहे काय? घरात तर सगळ्यांचंच कमी आलंय.

एकटे कसले, देशातले बहुतेक जण तुमच्याच रांगेत हायत. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद)-इंडियाब नावाचा मोठा सर्व्हे झाला, २००८ ते २०२० या काळात राज्याराज्यांत टप्प्याटप्प्यानं, २० वर्षांवरच्या एक लाख तेरा हजार लोकांचा, आणि त्याचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यात एचडीएल कमी असलेले जवळजवळ ६७ टक्के निघाले. आणि ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणून घाबरतो ते एलडीएल जास्त असलेले साधारण २१ टक्के, ट्रायग्लिसराइड जास्त असलेले ३२ टक्के. रक्तातल्या चरबीचा कुठला ना कुठला आकडा बिघडलेले ८१ टक्के.

आता हे नीट बघा. आपल्याकडं गप्पा सगळ्या एलडीएलच्या आणि तुपाच्या, पण सगळ्यात जास्त लोकांचा बिघडलेला आकडा म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल कमी असणं. दर तीन माणसांत दोघांचं. असं असताना त्याला तुमचा वैयक्तिक आजार कसं म्हणायचं, देशाचा स्वभावच झालाय तो, आणि त्यामागची कारणंपण सगळ्यांच्या ताटात सारखीच आहेत.

आमच्या गल्लीत तर असं रक्त घ्यायला कोण आलं नव्हतं. मग हा आकडा आमचा कसा?

सँपल सर्व्हे असाच असतो, प्रत्येक गावात जात नाहीत. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं आयसीएमआरबरोबर हे काम केलं, गावं आणि वॉर्ड निवडून घरोघर जाऊन. शुगर सगळ्यांची तपासली, पण शिरेतनं रक्त घेऊन चरबीची तपासणी दर पाचव्या माणसाचीच केली, कारण खर्च.

गंमत अशी की २०१४ मध्ये याच सर्व्हेचे चरबीचे पहिले आकडे आले तेव्हा त्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड एवढंच होतं. म्हणजे चंदगडकडचे आमचे सोयरे महाराष्ट्राच्या हिशोबात आले आणि ओढ्याच्या अलीकडचे आम्ही नाही. कर्नाटक पुढच्या टप्प्यात आलं. त्या पहिल्या चार ठिकाणी कमी एचडीएलचं प्रमाण ७२ टक्के होतं, त्यामुळं अलीकडं आणि पलीकडं फार वेगळं काही असेल असं मला तर वाटत नाही, दोन्हीकडं भात तोच आणि चहातली साखरपण तीच.

अमेरिकेत तर सगळे बर्गर खातात, त्यांचं आपल्यापेक्षा वाईट असणार की?

एचडीएलच्या बाबतीत नाही. तिथल्या सरकारी सर्व्हेत २०१५ ते २०१८ या काळात २० वर्षांवरच्या साधारण १७ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं. पुरुषांत जवळजवळ २७ टक्के आणि बायकांत साडेआठ.

पण हा १७ आणि आपला ६७ शेजारीशेजारी ठेवून लगेच व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, मोजपट्टी वेगळी आहे. अमेरिकेनं त्या आकड्यात बायका-पुरुष दोघांनाही ४० ची रेघ धरलीय, आपल्याकडं बायकांना ५० ची. ४५ एचडीएल असलेली बाई तिकडं पास आणि इकडं नापास. त्यामुळं फरक दिसतो तेवढा मोठा नाही, पण फरक आहे हे खरं, कारण रेघ सारखी असलेल्या पुरुषांतसुद्धा आपण बरेच खाली आहोत.

हे एचडीएल करतं काय नेमकं?

शरीरातल्या पेशींकडनं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतनं जास्तीचं कोलेस्टेरॉल उचलायचं आणि लिव्हरकडं न्यायचं, तिथनं ते पित्तात जातं, हे त्याचं मुख्य काम. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर ऊस भरून कारखान्याला जाणाऱ्या ट्रॉल्या. शेतातनं ऊस उचलला, यार्डात नेला, गव्हाणीत टाकला, रिकामी ट्रॉली परत शेताकडं.

आता लॅब काय मोजते? एका क्षणाला सगळ्या ट्रॉल्यांत मिळून किती ऊस भरलाय तेवढंच वजन. दिवसभरात किती खेपा झाल्या ते मोजत नाही. कारखाना बंद पडला आणि रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्यांची दोन किलोमीटर रांग लागली तर वजन भरपूर दिसेल, पण गाळप शून्य. म्हणून एचडीएलचा आकडा मोठा म्हणजे काम चांगलं चाललंय असं दरवेळी नसतं. हे एवढं डोक्यात बसलं तर खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मग आपल्याकडंच एवढं कमी का? रक्तातच आहे काय?

थोडं रक्तात आहे. दक्षिण आशियातल्या लोकांत पोटाभोवती चरबी लवकर साठते, इन्सुलिन नीट लागू पडत नाही, आणि असं झालं की लिव्हर ट्रायग्लिसराइड जास्त बाहेर सोडतं. मग रक्तात अदलाबदल होते, एचडीएलच्या कणांत कोलेस्टेरॉलच्या जागी ट्रायग्लिसराइड भरलं जातं, असे कण लहान होतात आणि शरीर त्यांना लवकर मोडीत काढतं. म्हणून रिपोर्टात ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली ही जोडी एवढी दिसते.

उरलेलं ताटात आहे. आपल्या लोकांच्या एकूण कॅलरींपैकी साधारण ६२ टक्के कॅलरी पिठूळ आणि गोड पदार्थांतनं येतात, हे याच इंडियाबच्या खाण्याच्या अभ्यासातनं २०२५ मध्ये छापून आलं. सकाळी उप्पीट किंवा इडली, मधल्या वेळेला चिरमुरे, दुपारी भात, चारला चहा आणि बेकरीचं बटर, रात्री परत भात नाहीतर भाकरी, आणि डाळ मात्र पातळ, एवढी पातळ की ताटाची नक्षी दिसते. लग्नसराईत वर गोड म्हणून कुंदा. यातलं एकेक वाईट नाही, पण दिवसभराची बेरीज केली तर प्रथिनं सापडत नाहीत.

आम्ही तर ज्वारीची भाकरी खाणारी माणसं. मग आमचं का कमी?

हा प्रश्न जरा अभिमानानं विचारला जातो म्हणून सावकाश सांगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी हे मुख्य अन्न असलेली राज्यं आता मोजकीच उरलीत आणि त्यात कर्नाटक, महाराष्ट्र दोन्ही येतात, हे खरं. पण त्याच २०२५ च्या अभ्यासात असं दिसलं की पांढरा भात काढून त्याजागी तेवढीच गव्हाची किंवा ज्वारी-नाचणीची पोळी-भाकरी ठेवली तर डायबेटिस आणि पोटाचा घेर यांचा धोका काही कमी होत नाही. एकूण पिठूळच कमी करून त्याजागी डाळ, कडधान्य, दूध-दही, अंडी, मासे असं काही आलं तर डायबेटिसचा धोका कमी होतो. म्हणजे तीन भाकऱ्यांच्या दोन करा आणि मटकीची उसळ वाटीभर वाढवा. भाकरीत चोथा जास्त म्हणून ती भातापेक्षा बरीच, पण चार भाकऱ्या, झुणका आणि वर भात असं जेवून झोपलं तर ज्वारी काय करणार बिचारी. आणि आजोबा पाच भाकऱ्या खाऊन ऐंशी वर्षं जगले हे मला सांगू नका, आजोबा दिवसभर नांगरामागं चालत होते.

बायकांना ५० ची रेघ का? आमच्या अक्काचं ४४ आलंय, ती म्हणते हे अन्यायच आहे.

बायकांचं एचडीएल मुळातच पुरुषांपेक्षा साधारण दहानं जास्त असतं, त्यात इस्ट्रोजेनचा हात आहे, म्हणून रेघ वर ओढलीय. अक्काचं ४४ म्हणजे थोडं कमी, संकट नव्हे. पण पाळी गेल्यानंतर बायकांचं एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड वाढायला लागतं आणि तोपर्यंत असलेलं संरक्षण कमी होतं, तेव्हा चाळिशी-पन्नाशीच्या बाईचा रिपोर्ट नवऱ्याच्या रिपोर्टाएवढाच गांभीर्यानं बघा. आमच्याकडं घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या होतात आणि घरातली बाई म्हणते मला कुठं काय झालंय, हे रोजचं आहे.

निपाणीकडचे आम्ही. बिडीचा आणि याचा काय संबंध?

थेट आहे. बिडी, सिगारेट, दोन्हीनं एचडीएल खाली जातं. सोडली तर काही आठवड्यांतच थोडं वर येतं, सरासरी चारेक मिलिग्रॅम. कुठल्याही गोळीशिवाय इतक्या लवकर मिळणारा दुसरा फायदा मला तर माहीत नाही. आणि आकड्यापेक्षा मोठी गोष्ट ही की अटॅकचा धोका त्याच्या कितीतरी पट जास्त उतरतो. तंबाखूवर ज्या भागाचं पोट चाललं तिथं हे बोलणं अवघड आहे हे समजतं, पिकवणं आणि ओढणं या दोन गोष्टी वेगळ्या धरा एवढंच म्हणतो. चुना-तंबाखू आणि गुटख्यानं धूर होत नाही म्हणून हृदय वाचतं असं पण नाही.

पोरगा तालमीत जातो, अंगानं दणकट आहे, तरी एचडीएल १८ आलंय. मशीन बिघडली काय?

मशीन बिघडली असेल तर परत तपासून कळेल. पण आधी पोराला एकट्याला बाजूला घेऊन विचारा की इंजेक्शनं किंवा गोळ्या घेतोय काय. अंग बनवायच्या स्टिरॉइडनं एचडीएल धाडकन पडतं, वीसच्या खालीसुद्धा जातं, आणि एलडीएल वाढतं. जिममध्ये डब्यावर लेबल नसलेली पावडर मिळते त्यात काय असतं देव जाणे. साधी प्रोटीन पावडर असं करत नाही. खुराक म्हणजे दूध, बदाम, थंडाई, यानं एचडीएल १८ होत नाही. स्टिरॉइड नसेल तर मग आनुवंशिक कारण असू शकतं, ट्रायग्लिसराइड फार जास्त असू शकतं, डॉक्टरांना दाखवाच.

एचडीएल वाढवायची गोळी द्या की.

रोज कुणीतरी विचारतंच. अशी गोळी माझ्याकडं नाही आणि कुणाकडंच नाही, म्हणजे एचडीएल वाढवणाऱ्या गोळ्या निघाल्या होत्या पण त्यांनी माणूस वाचला नाही. टॉरसेट्रापिब नावाचं औषध होतं, एचडीएल ७० टक्क्यांच्या वर वाढवायचं, पंधरा हजार लोकांवर ट्रायल चाललं होतं आणि डिसेंबर २००६ मध्ये कंपनीनं ते अचानक थांबवलं, कारण औषध घेणाऱ्यांतच जास्त माणसं मरायला लागली. मग नियासिन, हे जुनं व्हिटॅमिन, एचडीएल वाढवतं, त्याचं एक ट्रायल २०११ मध्ये फायदा नाही म्हणून थांबलं आणि २०१४ मध्ये पंचवीस हजारांवर लोकांचं दुसरं मोठं ट्रायल छापून आलं, त्यातपण स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवायच्या नेहमीच्या गोळीच्या) जोडीला नियासिन देऊन अटॅक कमी झाले नाहीत, उलट साइड इफेक्ट वाढले. २०१२ मध्ये जीन्सचा अभ्यास आला, त्यात जन्मतःच एका जीनमुळं एचडीएल जास्त असलेल्या माणसांना अटॅक काही कमी येत नव्हते.

या सगळ्याचा अर्थ शास्त्रज्ञांनी असा लावला की एचडीएल कमी असणं ही खूण आहे, मूळ दुखणं नव्हे. पोट, शुगर, ट्रायग्लिसराइड, बसून राहणं, बिडी, हे मूळ. खूण पुसून मूळ जात नाही. म्हणून कुणी आयुर्वेदिक म्हणून, कुणी अमेरिकन म्हणून एचडीएल बूस्टर विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा, मी दुकानदार असून सांगतोय.

स्टॅटिन आहे ती एलडीएलसाठी. ती घेतल्यावर एचडीएलपण थोडंफार वाढतं, पण ती घ्यायची कारणं वेगळी आणि डॉक्टरांनी दिली असेल तर एचडीएल वाढलं नाही म्हणून मधेच सोडायची नाही.

माझं तर ९५ आलंय. मग मी बिनधास्त?

एवढं पण बिनधास्त नको. कॅनडा आणि डेन्मार्कमधल्या लाखो लोकांच्या नोंदी बघितल्या तेव्हा एचडीएल फारच जास्त असलेल्यांतही मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं, डेन्मार्कच्या अभ्यासात पुरुषांत साधारण ११६ च्या वर असलेल्यांत फरक ठळक होता. वर ट्रॉल्यांची रांग सांगितली ती आठवा. ९५ असेल तर आनंद आहे, पण रोज दारू पिणाऱ्याचंपण एचडीएल वर दिसतं, ते कौतुक करण्यासारखं नसतं.

बरी आठवण केली. गोव्याकडनं आणलेली थोडी थोडी घेतली तर हृदयाला चांगली म्हणतात?

दारूनं एचडीएल वाढतं हे खरं, त्याचबरोबर ट्रायग्लिसराइड, बीपी आणि पोट हेपण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सरळ सांगितलंय की सुरक्षित असं प्रमाणच नाही. आणि इंडियाब सर्व्हेत डायबेटिसमध्ये पहिला नंबर गोव्याचाच आला, २६ टक्क्यांच्या वर. एकट्या दारूनं नव्हे हं ते. घ्यायची असेल तर घ्या, ती तुमची मर्जी, हृदयाचं नाव सांगून घेऊ नका.

मग रिपोर्टात नेमकं बघायचं काय?

एक वजाबाकी शिका, तिथंच सगळं आहे. टोटल कोलेस्टेरॉलमधनं एचडीएल वजा करा. जे उरलं त्याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे त्रास देणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल एकत्र.

समजा टोटल १७८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २३०. एलडीएल बऱ्याच लॅबमध्ये मोजत नाहीत, हिशोबानं काढतात, टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. इथं १७८ वजा ३४ वजा ४६, म्हणजे ९८. एलडीएल ९८ बघून माणूस खूश, टोटल दोनशेच्या आत, चला कुंदा आणूया. पण नॉन-एचडीएल १४४ आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये आपल्या देशासाठीचे नियम काढले त्यात कमी धोक्याच्या माणसालासुद्धा एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत सांगितलंय. डायबेटिस, बीपी, आधीचा अटॅक असं काही असेल तर याहून बरंच खाली. म्हणजे वरचा माणूस पास नाही. आपल्याकडं हा असाच रिपोर्ट सगळ्यात जास्त फसवतो. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर असेल तर एलडीएलचा तो हिशोबच चुकतो, तेव्हा लॅबला थेट मोजायला सांगा.

त्याच नियमांत पहिली तपासणी १८ व्या वर्षीच करा म्हटलंय. लवकर वाटतं, पण अनेक देशांत झालेल्या इंटरहार्ट या हार्ट अटॅकच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला आणि बाकी देशांत ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा, बहुतेक आनुवंशिक असा एक कण) पण तपासून घ्या म्हणतात, घरात कमी वयात अटॅक आलेले असतील तर नक्कीच.

उपाशीपोटीच जावं लागतं काय? शुगरवाल्या आईला चक्कर येते.

पहिल्या तपासणीला उपाशी नसलं तरी चालतं, खाण्यानं एचडीएल फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड वाढून आलं तर मग परत उपाशी करतात. मात्र ताप, डेंगी, चिकुनगुन्या, ऑपरेशन यातनं नुकतंच उठल्यावर करू नका, एचडीएल खोटं खाली दिसतं. महिना-दीड महिना जाऊ द्या.

शेंगतेल, खोबरेल, तूप, डालडा, कुठलं चांगलं?

डालडा नको, एवढं पक्कं. त्यातली ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि एचडीएल कमी करते, दोन्हीकडनं मार. सरकारनं जानेवारी २०२२ पासून तेला-वनस्पतीत ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातलीय म्हणून पूर्वीपेक्षा बरं आहे, पण भज्याच्या गाड्यावर काळं होईपर्यंत तापवलेलं तेल, त्याचं काय सांगणार. घाण्याचं शेंगतेल चांगलंच, मोजून वापरा. खोबरेल आणि तुपानं एचडीएल थोडं वाढतं म्हणून जाहिराती करतात, एलडीएलपण वाढतं हे सांगत नाहीत. जवसाची, कारळ्याची चटणी आपल्या घरात आहेच, तिला सुपरफूड म्हणून पाकिटात विकत घ्यायची गरज नाही.

किती चालायचं? सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर एक राउंड मारतो.

एक राउंड आणि नंतर कट्ट्यावर तासभर गप्पा, वर मिसळ, हे मी पण बघतो. आठवड्याला निदान दोन तास तरी दम लागेल असं चालणं झालं तर एचडीएल हलतं, आणि हलतं म्हणजे सरासरी अडीच मिलिग्रॅम. कमी वाटलं ना? म्हणूनच सांगतो, ३४ चं ६० करायला चालू नका. चालण्यानं ट्रायग्लिसराइड, शुगर, बीपी, पोट हे जे उतरतं त्यासाठी चाला. आणि वजन जोरात उतरत असताना मधेच तपासलं तर एचडीएल आणखी कमी दिसू शकतं, वजन स्थिर झाल्यावर वर येतं, तेव्हा दर पंधरा दिवसांनी तपासून पैसे घालवू नका. तीन महिन्यांनी बघा.

भाऊ दुबईला असतो, त्याचं एचडीएल ०.९ आलंय म्हणतोय. हे तर फारच कमी?

त्याच्या रिपोर्टात मिलिमोल पर लिटर हे वेगळं माप आहे. ३८.६७ नं गुणा, साधारण ३५ होतं. तुमच्यासारखंच आहे, एकाच घरातले ना. त्याला ट्रायग्लिसराइड विचारा, आणि ते मिलिमोलमध्ये असेल तर ८८.५ नं गुणायचं, दोन्हीला एकच आकडा लावू नका.